सर्व्हर वाढवणं सोपं, काढणं अवघड

आजच्या भागात एका छोट्या कंपनीच्या तीन दिवसांची गोष्ट आहे. आणि शेवटी माझ्या एका चुकीची.

एप्रिल २००८. न्यूयॉर्कमधली ॲनिमोटो ही कंपनी. आपण फोटो द्यायचे, गाणं निवडायचं, की ती व्हिडिओ बनवून देणार. त्यांचं ॲप फेसबुकवर आलं आणि लोकांची झुंबड उडाली. व्हिडिओ बनवणं हे मशीनसाठी जड काम. तीन दिवसांत त्यांचे सर्व्हर साधारण ५० वरून ३५०० वर गेले.

आता विचार करा, एवढी मशीन विकत घ्यायची असती तर? ऑर्डर, ट्रक, रॅक, केबल, वीज, एसी. तीन दिवसांत कोटेशनसुद्धा आलं नसतं! तोवरची पद्धत अशी होती, की सगळ्यात जास्त गर्दीच्या दिवसाचा अंदाज बांधायचा आणि तेवढी मशीन आधीच घेऊन ठेवायची. म्हणजे घरात एक लग्न आहे म्हणून हजार खुर्च्या विकत घेण्यासारखं. उरलेलं वर्ष त्या धूळ खात पडणार.

ॲमेझॉनने ऑगस्ट २००६ मध्ये ईसी-टू ही सेवा आणली आणि खुर्च्या भाड्याने मिळू लागल्या. एका मशीनचे तासाला १० सेंट. सेल्समनला फोन नाही, सही-शिक्का नाही. कोडमधून एक कॉल केला की मशीन चालू, दुसरा केला की बंद. ॲनिमोटोने याच्यावर राइटस्केल या कंपनीचं सॉफ्टवेअर वापरलं. रांगेत काम किती साठलंय ते बघून मशीन वाढवायची, असा हिशोब.

मे २००९ मध्ये ॲमेझॉनने स्वतःच ऑटो स्केलिंग दिलं. कमीत कमी किती मशीन, जास्तीत जास्त किती, आणि कशावरून वाढवायची-घटवायची, एवढं आपण लिहून द्यायचं. बाकी मोजणं आणि निर्णय कोडचा.

ही गोष्ट सांगताना सगळे ३५०० वर थांबतात. पण गर्दी ओसरल्यावर काय? ॲनिमोटोचीही ओसरली. २००९ च्या सुरुवातीला बर्कली विद्यापीठातल्या संशोधकांनी क्लाउडवर एक गाजलेला पेपर लिहिला, त्यात त्यांनी हे उदाहरण देताना हेसुद्धा नोंदवलंय. खरी बचत तिथेच आहे. मशीन परत करता आली नाहीत, तर भाड्याचा फायदा काय?

आणि इथेच मी आपटलो. पहिल्या नोकरीत मी एक स्क्रिप्ट लिहिली होती. सीपीयू दहा मिनिटं कमी दिसला की मशीन बंद. बिल कमी झालं, कौतुक झालं. मग एका रात्री एका ग्राहकाचे महिनाअखेरचे रिपोर्ट अर्धवट मेले. ती मशीन रिकामी नव्हतीच. डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत होती, म्हणून सीपीयू शांत. पंगत चालू असताना मी जेवणाऱ्याखालची खुर्ची ओढली होती. सकाळी त्या ग्राहकाला फोन मलाच करावा लागला.

गंमत म्हणजे, या दुखण्यावर औषध आधीच आलेलं होतं. २०१४ मध्ये ॲमेझॉनच्या लोड बॅलन्सरला 'नवं काम देऊ नका, चालू असलेलं संपू द्या' असं सांगायची सोय आली. २०१५ च्या डिसेंबरमध्ये ऑटो स्केलिंगमध्ये एखाद्या मशीनवर 'हिला काढू नका' अशी खूण करता येऊ लागली. तारखा बघा. वाढवायचं तंत्र २००९ मध्येच हातात होतं, नीट निरोप द्यायची सोय यायला आणखी पाच-सहा वर्षं गेली. मी मात्र वाढवायचंच तेवढं वाचलं होतं.

म्हणून स्केलिंगचा कोड लिहाल तेव्हा आधी एकच प्रश्न विचारा : हे मशीन आत्ता कुणाचं काम करतंय?

चला, भेटू पुढच्या भागात!