पडद्यावरचे बालगंधर्व आणि अडाजणचे कपाट

आमच्या थोरल्या काकांच्या सुरतेतील घरात एक सागवानी कपाट होते. त्याच्या खालच्या खणांत पंचांगे, औषधे आणि जुन्या लग्नपत्रिका असत. वरचे दोन खण मात्र व्हिडिओ कॅसेटसाठी राखलेले आणि त्यांची किल्ली काकांच्या बंडीच्या खिशात. प्रत्येक कॅसेटच्या पाठीवर काकांच्या सुवाच्य अक्षरात नाव, तारीख आणि कोणी पाठवली त्याची नोंद असे. बहुतेक नोंदींत 'मुंबई, मामा' हेच लिहिलेले असे, कारण मुंबई दूरदर्शनवरील मराठी कार्यक्रम उतरवून घेऊन धाडण्याचे काम मामांनी अंगावर घेतले होते.

तापी खोऱ्याची रेल्वे १९०० च्या सुमारास अमळनेरपर्यंत पोचली आणि खानदेशातील माणसाला सुरत जवळ आली. पुढे गिरण्या, मग यंत्रमाग, मग साड्यांची छपाई अशा निमित्तांनी उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत मराठी वस्ती वाढत गेली. बाजारात गुजराती, कारखान्यात हिंदी आणि घरी मराठी अशी जिभेची वाटणी झाली. घरातल्या मराठीला बाहेरून खतपाणी मिळे ते गणेशोत्सवातल्या एखाद्या नाटकाचे. बाकी वर्षभर काय, हा प्रश्न काकांसारख्यांना सतावत असे. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन आले, त्याच्या पाठोपाठ व्हीसीआर मध्यमवर्गीय घरांत शिरला. ज्यांना तो विकत घेणे परवडत नसे ते एका रात्रीपुरता भाड्याने आणीत. जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये बाजारात आणलेल्या व्हीएचएस पद्धतीची जी कॅसेट आपल्याकडे सर्रास मिळे, ती होती तीन तासांची. आपले तीन अंकी नाटक जणू तिच्याच मापाने बेतलेले होते!

काकांच्या कपाटात नाटके होती, नाट्यसंगीताच्या मैफली होत्या, पण त्यांचा जीव अडकला होता तो बालगंधर्वांत. आणि इथेच त्यांची अडचण होती. जो नट पाहण्यासाठी अवघा महाराष्ट्र वेडा झाला, त्याला 'पाहता' येईल असे जवळजवळ काही उरलेलेच नव्हते.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म १८८८ चा. १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत ते शकुंतला म्हणून मिरजेला उभे राहिले. १९११ मध्ये 'मानापमान'मधील भामिनी, १९१३ मध्ये स्वतःची गंधर्व नाटक मंडळी, १९१६ मध्ये 'स्वयंवर'मधील रुक्मिणी. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग या मंडळीने फेब्रुवारी १९१९ मध्ये केला तो पुण्यात वा मुंबईत नव्हे, तर आमच्यापासून दीडशे किलोमीटरवरच्या बडोद्यात. लेखक त्याआधी महिनाभरच निवर्तले होते. सिंधूचे फाटके लुगडे आणि रुक्मिणीचा भरजरी शालू ही दोन्ही वस्त्रे एकाच नटाला सारखीच शोभत, असे पाहिलेली माणसे सांगत. घरंदाज बायका त्यांच्यासारखे लुगडे नेसू लागल्या, त्यांच्यासारखा अंबाडा घालून त्यात गजरा माळू लागल्या. आज ज्याला आपण 'ग्लॅमर' म्हणतो ते याहून निराळे काय असते?

गुजराती रंगभूमीवर हेच नवल त्याच काळात घडत होते, हे आपल्या दुभाषिक जिल्ह्यांतील वाचकांना वेगळे सांगायला नको. विसनगरचे जयशंकर भोजक वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी 'सौभाग्य सुंदरी'त सुंदरी झाले आणि जन्मभर 'सुंदरी'च राहिले. मुंबईच्या गुजराती स्त्रिया त्यांच्या चालीबोलीचे अनुकरण करीत. बालगंधर्वांना १९६४ साली पद्मभूषण मिळाले, सुंदरींना १९७१ साली. विरोधाचा आवाज उठला तोही दोन्हीकडे. सुरतेतच जन्मलेले नाटककार चंद्रवदन मेहता यांनी धंदेवाईक रंगभूमीविरुद्ध हौशी रंगभूमीचा झेंडा उभारला आणि स्त्रीची भूमिका स्त्रीनेच करावी असा आग्रह धरला. मराठीत १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा'मध्ये ज्योत्स्नाबाई भोळे आणि पद्माबाई वर्तक उभ्या राहिल्या आणि पुरुषाने लुगडे नेसण्याचे दिवस भरले.

तेव्हा काकांच्या हाती लागला तो १९३५ चा 'धर्मात्मा'. प्रभात कंपनीचा, शांतारामबापूंनी दिग्दर्शित केलेला. नाव आधी 'महात्मा' ठेवले होते. पण त्या शब्दाने गांधीजींचे स्मरण होते म्हणून सरकारी परीक्षकांनी हरकत घेतली, मग नाव बदलले. संगीत गंधर्व मंडळीतलेच मास्टर कृष्णराव यांचे. बालगंधर्व त्यात संत एकनाथ झाले आहेत. म्हणजे पुरुष!

ती कॅसेट आली त्या रात्रीची बैठक मला लख्ख आठवते. १९८५ चा पावसाळा असावा. आजी पंच्याहत्तरीची होती आणि लग्नापूर्वी तिने बालगंधर्वांचे नाटक डोळ्यांनी पाहिले होते, त्यामुळे पहिली खुर्ची तिची. शेजारच्या गुजराती बा आल्या होत्या. त्यांच्या वडिलांनी सुंदरींची नाटके पाहिलेली, म्हणून त्यांनाही उत्सुकता. पडद्यावर सत्तेचाळीस वर्षांचे, अंगाने भरलेले एकनाथ महाराज आले. बांनी जरा वेळ पाहिले आणि विचारले, "आ तो भगत छे. पेली बाई क्यां?" आम्ही पोरे हसलो. आजी हसली नाही. ती म्हणाली, "हे ते नव्हेत."

मग गाणे सुरू झाले आणि आजीने डोळे मिटले. "आता आहेत," ती म्हणाली.

काकांनी काय करावे? त्यांनी उठून टीव्हीचा प्रकाश कमी करण्याची कळ फिरवली. पडदा काळाठिक्कर, आणि आम्ही दहा-बारा माणसे त्या काळोखाकडे तोंड करून गाणे ऐकत बसलो. काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "मग रेकॉर्डच लावा की! ह्या पेटीला भाडं कशाला भरायचं?"

काकूंचा हा प्रश्न वरवर थट्टेचा, पण त्यावर आमच्या घरात पुढली वीस वर्षे वाद चालला आणि सुरतेतील जी जी गंधर्वप्रेमी मंडळी घरी येत ती त्यात एकेक बाजू घेत. एक पक्ष रेकॉर्डवाल्यांचा. त्यांचे म्हणणे, मूर्ती गेली, सूर उरला, तोच खरा. पण ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावतात. रंगमंचावर जे पद 'वन्समोअर' घेत घेत पाव-पाव तास रंगे, त्याचा तबकडीवर निव्वळ अर्क उतरला. थिरकवाँसाहेबांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी ज्या ऐसपैस जागेत फिरत, ती जागाच तिथे नाही. दुसरा पक्ष आजीचा: ज्याने पाहिले त्याने पाहिले, बाकीच्यांनी नाद सोडावा. तिसरा पक्ष एकट्या काकांचा. जे मिळेल ते, जसे मिळेल तसे, धुरकट असो की तुटक, ठेवायचे. "तू पाहिलंस म्हणून तुला नको वाटतं," ते आजीला म्हणत, "ह्या पोरांनी काय करावं?"

मी तेव्हा मनातून आजीच्या बाजूचा होतो. आज तितकासा नाही. 'धर्मात्मा' मी नंतर पुष्कळदा प्रकाश न घालवता पाहिला. कॅमेरा त्या माणसाला जवळून पाहतो आणि तो मात्र दूरच्या शेवटच्या रांगेसाठी हात उचलतो, मान वळवतो. समोर दाद देणारे कोणी नाही, त्यामुळे तान घेऊन झाल्यावर त्यांची नजर क्षणभर कोणाला तरी शोधते असे मला वाटते. ही माझी कल्पनाही असेल. पण त्या नजरेसाठी मी हा चित्रपट जपून ठेवीन. प्रभातशी आणखी चित्रपटांचे ठरले होते, ते झाले नाहीत. १९३७ मध्ये बाबूराव पेंटर यांच्या 'साध्वी मीराबाई'त बालगंधर्व पुन्हा स्त्रीवेषात आले, तेव्हा वय एकोणपन्नास, आणि तो चित्रपट चालला नाही. चाहत्यांना पुरुषवेषातले नको होते आणि उतारवयातली मीराही नको होती. त्यांना हवी होती ती रुक्मिणी, ती भामिनी, ती सिंधू, आणि नेमकी त्यांच्यासमोर कोणी कॅमेरा लावला नाही. त्या वर्षांत चित्रपट मुका होता. मुक्या गंधर्वांचे कोणाला काय होणार? बोलपट आला तोवर चाळिशी उलटून गेली होती.

हा रोग आपल्यापुरताच आहे असे मी समजत होतो. माझा अमेरिकेतला पुतण्या एकदा सुट्टीत आला तेव्हा समजूत दूर झाली. त्याला 'किस' नावाच्या वाद्यवृंदाचे वेड (बटाट्याच्या किसाशी याचा संबंध नाही). १९७३ साली न्यूयॉर्कमध्ये निघालेले हे चौघे चेहऱ्याला पांढरा-काळा रंग फासून, उंच टाचांचे बूट घालून, आग ओकत गात. १९८३ मध्ये त्यांनी रंग पुसला आणि खऱ्या चेहऱ्याने लोकांसमोर आले. झाले! चाहत्यांत फूट पडली. रंगाशिवायचे ते खरे नव्हेतच, असे एक पक्ष आजही म्हणतो. १९८७ साली त्यांनी घरी पाहण्यासाठी काढलेल्या कॅसेटवर आणि २००६-०७ मध्ये तीन भागांत निघालेल्या जुन्या चित्रणांच्या संचावर ही मंडळी कोणते वर्ष अस्सल, कोणते चित्रण गाळले, यावरून हमरीतुमरीवर येतात. शेवटी १९९६ मध्ये त्यांना पुन्हा रंग लावावाच लागला. पुतण्या हे तावातावाने सांगत होता आणि मला आजीचे "हे ते नव्हेत" ऐकू येत होते. एवढाच फरक, की त्यांच्यापाशी भांडायला चित्रण आहे.

ज्या वर्षी त्या संचाचा पहिला भाग तिकडे बाजारात आला, त्याच २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीला पूर आला. उकाईतून सुमारे नऊ लाख क्युसेक पाणी सुटले आणि सुरतेचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. अडाजण-रांदेर बाजूला तळमजले बुडाले. काका-काकूंनी चार दिवस वरच्या मजल्यावरच्या बांच्या घरी काढले. पाणी ओसरल्यावर कपाट उघडेना, लाकूड फुगले होते. पहारीने उघडले. आत कॅसेटऐवजी चिखलाच्या विटा.

पॉलिएस्टरच्या पट्टीवर लोहाच्या भस्माचा थर, एवढीच ही चुंबकीय फीत. स्वच्छ पाण्याने धुऊन, गुंडाळी सैल करून, सावलीत हळूहळू वाळवली तर कधी कधी वाचते. आम्हाला हे कुठे ठाऊक? आम्ही गच्चीवर उन्हात मांडल्या. फिती एकमेकींना चिकटल्या. त्रेसष्ट कॅसेटमधल्या पाच चालल्या.

'धर्मात्मा' गेला, पण त्याचे दुःख फार टिकले नाही. तो चित्रपट इतरत्र सुरक्षित आहे आणि हल्ली कोणीही तो मोबाइलवर पाहतो. गेली ती वेगळीच एक कॅसेट. १९८७ साली ताईच्या लग्नात हॅलोजनचा झगझगीत दिवा घेऊन शूटिंगवाला आला होता. जेवणे झाल्यावर व्याह्यांनी आग्रह केला आणि आजीने नऊवारीचा पदर सावरून 'स्वयंवर'मधले एक पद म्हटले. त्यांच्यासारखे, म्हणजे रुक्मिणीसारखे. मान किती वळवायची, हात कुठवर न्यायचा, कोणत्या शब्दावर किंचित हसायचे, हे सगळे त्या रात्री तिच्या अंगात आले होते. सत्याहत्तर वर्षांची बाई एका पुरुषाने उभी केलेली स्त्री हुबेहूब करून दाखवत होती. आजी १९९१ मध्ये गेली. "पाहिलं त्यानं पाहिलं" म्हणणाऱ्या त्या बाईने जे पाहिले, त्याची नक्कल तेवढ्या एका फितीवर होती आणि आम्ही तिच्यावर 'लग्न' एवढेच लिहिले होते.

२०११ साली 'बालगंधर्व' चित्रपट आला. त्याची तबकडी मी काकांसाठी घेऊन गेलो. सुबोध भावे यांची भूमिका, आनंद भाटे यांचा गळा. रंगभूषेला आणि वेशभूषेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, ते मिळायलाच हवे होते. पण सुरतेच्या घरात समीक्षा सुरू होते ती जरीपासून. काकूंच्या माहेरची माणसे जरीच्या धंद्यातली. शालूचा पदर पडद्यावर आला की त्या तबकडी थांबवायला लावीत आणि चष्मा वर करून बघत. ही चांदीच्या तारेची की नुसती चकाकणारी, यावर त्यांचे आणि खास चित्रपट बघायला उतरलेल्या बांच्या सूनबाईंचे गुजरातीतून बराच वेळ चालले. काका गप्प होते. चित्रपट संपल्यावर म्हणाले, "चांगला आहे. ठेवू या." आणि नव्या कपाटात, लोखंडी, त्यांनी तो नोंद करून ठेवला.

मग काकूंनी आपणहून आजीचे ते पद म्हणायला घेतले. दुसऱ्या ओळीवर त्या थांबल्या, हात छातीपाशी नेला आणि म्हणाल्या, "इथं आई थोडं हसायच्या."

"इथं नाही," ताई म्हणाली. "पुढच्या ओळीला. मी समोर बसले होते, काकू."

"तू नवरी होतीस. तुझं लक्ष कुठं होतं?"

"शेला धरून खाली बघत होते, ते खरं. पण गाणं संपेपर्यंत मी तेवढंच बघितलंय."

काकांनी दोघींना ते पद पुन्हा पहिल्यापासून म्हणायला सांगितले.