जुना ट्रॅक्टर खरंच जास्त टिकतो का?

"आताच्या ट्रॅक्टरात दम नाही राहिला. आमचा जुना बघा, चाळीस वर्षं झाली, अजून नांगरट करतो."

शेतीयंत्रांच्या दुरुस्तीचा इतिहास हा माझ्या पीएचडीचा विषय. त्यामुळे तालुक्याच्या गॅरेजांत बाकड्यावर बसून चहा पिणं हा अभ्यासाचाच भाग, आणि तिथे हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. तुम्हीही ऐकलं असेल, कदाचित घरातच. सुरुवातीला मी ते म्हाताऱ्या माणसांची हळहळ समजून सोडून देत होतो. आता तसं करत नाही, पण जसंच्या तसं मान्यही करत नाही. का, ते सांगतो.

त्यासाठी आधी अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात जाऊ, शंभर वर्षं मागे. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथे ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपन्यांचं पेव फुटलं होतं. १९२० च्या आसपास अमेरिकेत अशा दीडशेहून जास्त कंपन्या होत्या. विल्मट क्रोझियर नावाच्या शेतकऱ्याने 'फोर्ड' हे नाव बघून एक ट्रॅक्टर घेतला. पण त्या मिनियापोलिसच्या कंपनीचा हेन्री फोर्डशी काही संबंध नव्हता, नाव तेवढं वापरलं होतं. तो ट्रॅक्टर काही धड चालला नाही. मग दुसऱ्या कंपनीचा घेतला, त्यानेही रडवलं. तिसरा मात्र चांगला निघाला. हाच क्रोझियर पुढे राज्याच्या विधिमंडळात निवडून गेला आणि १९१९ साली नेब्रास्काने ट्रॅक्टर चाचणीचा कायदा केला. राज्यात ट्रॅक्टर विकायचा असेल तर आधी विद्यापीठात त्याची चाचणी होणार आणि कंपनीच्या जाहिरातीतले दावे निकालाशी ताडून बघणार. १९२० पासून लिंकन शहरात या चाचण्या सुरू झाल्या. आपल्याकडे मध्य प्रदेशात बुधनीला ट्रॅक्टर तपासणारं केंद्र आहे, त्याची कल्पना याच जातीची.

आता बघा, 'जुने ट्रॅक्टर दणकट' हे सरसकट खरं असतं, तर त्या काळच्या शेतकऱ्यांना असा कायदा मागायची वेळ आली असती का? जुन्यात भंगारही भरपूर होतं. ते भंगारातच गेलं, म्हणून आज दिसत नाही. जे दिसतात ते तगलेले. गावातले जुने वाडे बघून आपण म्हणतो, काय बांधकाम होतं! पण पडून गेलेले वाडे कोण मोजतं? संशोधनात याला 'सर्व्हायव्हरशिप बायस' म्हणतात. म्हणजे उरलेल्यांवरून सगळ्यांची परीक्षा करणं.

तुम्ही म्हणाल, मग झालं की, म्हाताऱ्यांचं म्हणणं खोटं. थांबा. नेब्रास्काच्या त्या कायद्यात आणखी एक अट होती, आणि माझा सगळा अभ्यास तिच्याभोवती फिरतो. कंपनीने सुटे भाग पुरेसे आणि शेतकऱ्याच्या आवाक्यात ठेवले पाहिजेत, अशी ती अट. म्हणजे ट्रॅक्टर बिघडणारच, हे त्या लोकांनी गृहीत धरलं होतं. बिघडल्यावर तो परत शेतात कधी जातो, हा त्यांचा प्रश्न होता.

ही कसोटी लावून आपल्याकडचे तगलेले ट्रॅक्टर बघा. इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीचा बी-२७५ हा ट्रॅक्टर मुळात इंग्लंडमधल्या डॉनकास्टरच्या कारखान्यातला. १९६३ साली महिंद्राबरोबर भागीदारीत 'इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया' निघाली आणि तोच ट्रॅक्टर मुंबईत, कांदिवलीला बनू लागला. पुढे ही कंपनी महिंद्रातच विलीन झाली. २७५ हा आकडा मात्र आजही शोरूममध्ये दिसतो. मॅसी फर्ग्युसनच्या ट्रॅक्टरांचीही गोष्ट अशीच, ते मद्रासच्या 'टॅफे'ने बनवले. एक घराणं इतकी वर्षं चाललं की त्याचे सुटे भाग तालुक्याच्या दुकानात मिळतात, आणि त्यावर हात बसलेले मिस्त्री पिढ्यान्‌पिढ्या तयार होतात.

शिवाय यंत्र उघडं. डिझेलचा पंप यांत्रिक, म्हणजे एकदा इंजिन चालू झालं की बॅटरी नसली तरी चालतं. म्हणून तर बॅटरी उतरलेला ट्रॅक्टर रात्री उतारावर लावून ठेवायची पद्धत! धूर काळा आला तर नोझल बघायचा, निळा आला तर ऑइल जळतंय, रिंगा गेल्या. इंजिन खोलायचं, लायनर-पिस्टनचा सेट घालायचा, की पुढची काही वर्षं निघाली. एका मिस्त्रींनी मला सांगितलं, "तो चाळीस वर्षं टिकला म्हणतात ना, त्याचं इंजिन मी तीनदा बांधलंय." हे वाक्य मी वहीत दोनदा अधोरेखित केलंय. आपण ज्याला टिकणं म्हणतो, ते पुष्कळदा पुन्हापुन्हा दुरुस्त होणं असतं.

मग नवीन ट्रॅक्टर वाईट का? लोखंड आणि घडण म्हणाल तर नाही. भाग जास्त अचूक कापलेले असतात, ऑइल आणि फिल्टर सुधारलेत. शिवाय रोटाव्हेटर आणि भरलेल्या उसाच्या ट्रॉल्या ओढून आपण त्याच्याकडून जे काम घेतो, ते जुन्याच्या वाट्याला सुरुवातीला आलंच नव्हतं. धुराचे नियमही कडक झाले. १ जानेवारी २०२३ पासून आपल्याकडे ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना 'ट्रेम-४' लागू झालं. आता डिझेल किती आणि कधी सोडायचं हे संगणक ठरवतो. हवेच्या दृष्टीने हे चांगलंच आहे. पण धुराचा रंग बघून निदान करणाऱ्या मिस्त्रीच्या हातात आता स्कॅनर लागतो, आणि तो त्याला मिळेलच असं नाही.

अमेरिकेत हे भांडण कोर्टात गेलंय. पूर्ण दुरुस्ती करू शकणारं सॉफ्टवेअर कंपनी फक्त आपल्या डीलरांना देते, असा आरोप करून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये जॉन डिअरवर खटला भरला. कंपनीला आरोप मान्य नाही. त्याआधी २०२३ मध्ये कोलोरॅडो राज्याने शेतीयंत्रं दुरुस्त करण्याच्या हक्काचा कायदा केला. आपल्या केंद्र सरकारने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, तेव्हा निवडलेल्या चार क्षेत्रांत शेतीची यंत्रं होती. नेब्रास्काची १९१९ ची अट शंभर वर्षांनी नव्या रूपात परत आली म्हणा ना. तेव्हा मागणी सुट्या भागांची होती, आता सॉफ्टवेअरचीही आहे.

यात पणाला काय लागतं, ते शेतकऱ्याला सांगायला नको. पाऊस पडून उघडतो, वाफसा येतो आणि चार दिवसांत पेरणी उरकायची असते. त्या चार दिवसांत ट्रॅक्टर एका सेन्सरपायी उभा राहिला, तर त्याचं इंजिन किती हजार तास चालणार होतं याला काही अर्थ उरत नाही. कर्जाचा हप्ता मात्र चालू राहतो.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी "जुन्यात दम होता" म्हणालं, तर वाद घालू नका. फक्त विचारा, "दुरुस्त कोण करायचं?" उत्तरात गावातल्याच कुणा मिस्त्रीचं नाव येईल. नवा ट्रॅक्टर घ्यायला शोरूममध्ये गेलात तर तिथेही हाच प्रश्न विचारा, सही करायच्या आधी.