दप्तरातला कागद

मी ज्या कचेरीत कारकुनी केली तिचे नाव सांगत नाही. एकदा तिथे एका शिपायाच्या विधवेच्या निवृत्तिवेतनाचा कागद हरवला. हरवला म्हणजे होता कचेरीतच. पण कुठल्या कपाटात, हे ज्यांना तोंडपाठ होते ते हेडक्लार्क निवृत्त होऊन गावी गेले होते. बाई अकरा महिने खेपा घालीत होत्या. अखेर कागद निघाला भलत्याच सालच्या गठ्ठ्यात. तेव्हापासून पूर्वीचे लोक दप्तर लावीत तरी कसे, याचा मला नाद लागला. मोडी शिकलो आणि सवड मिळेल तेव्हा पुण्याच्या पुराभिलेखागारात जाऊन बसू लागलो.

पेशवे दप्तर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रुमालात बांधलेले कागद, धूळ आणि कसर एवढेच येते. पण दप्तर चालते होते तेव्हा तिथे दोनशेहून अधिक कारकून राबत. फडावर रोजच्या हुकमांची नि सनदांची नोंद रोजकीर्दीत होई. बेहेड्यात जमाखर्चाचा अंदाज बांधीत. सरंजामाचे काम निराळे. मला मात्र मोह पडला तो एकबेरजेचा. बाकीच्या खात्यांचे हिशेब शेवटी तिथे येत आणि त्यांचे गोषवारे काढून खतावण्या होत. यातली खुबी पाहा : रोजकीर्दीतली नोंद शोधायची तर दिवस ठाऊक हवा, खतावणीत खाते ठाऊक असले की भागले. दिवस कोणाच्या लक्षात राहतो? आपले नाव आणि आपला गाव मात्र कोणी विसरत नाही.

दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत ही शिस्त पार मोडली. नोंदी थांबल्या, दप्तरात कोणीही शिरू लागला. १८१८ साली राज्य गेले आणि दप्तर इंग्रजांच्या हाती आले. पुढे १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, तेव्हा या कागदांची किंमत घरोघर कळली. पेटीतली सनद दप्तराशी ताडून पाहिली जाई. मेळ बसला नाही तर पिढीजात जमिनीवर पाणी सोडायची पाळी. एखाद्या आळशी कारकुनाने राहू दिलेली नोंद पणतवाच्या ताटातला घास काढून घेऊ शके!

इंग्रजांनी दप्तर पुन्हा लावले खरे, पण ते महसुलाच्या सोयीने. इतिहास शोधणाऱ्याला त्याचा उपयोग किती होणार? बडोद्याच्या नोकरीतून १९२५ साली मोकळे झालेले रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई या अरण्यात शिरले, आणि १९३० ते १९३४ या काळात त्यांच्या संपादनाखाली निवडक कागदांचे ४५ खंड विषयवारीने बाहेर पडले. त्यात मोठी अडचण तारखांची. पुष्कळ पत्रांवर चंद्र आणि मुसलमानी महिना असतो, साल नसतेच. ते मजकुरावरून ताडावे लागते. असले तर ते अरबी शब्दांत : ‘इहिदे सितैन मया व अलफ’. एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे सुहूर सन ११६१. त्यात ५९९ मिळवा : १७६०. मृगापासून मृगापर्यंत हे वर्ष चालते, म्हणून जानेवारी १७६१ चे पानिपतही त्यातच पडते. पहिल्यांदा हा हिशेब माझा मला सुटला त्या रात्री मला झोप आली नाही.

त्या बाईंना कागद मिळाल्याचे सांगितले, तेव्हा त्यांनी आभारबिभार काही मानले नाहीत. “आता कुठं ठेवणार तो?” एवढेच विचारले. मी बाजारातून एक जाड वही आणली. नावांच्या अनुक्रमाने पाने पाडली आणि त्यांच्या नावापुढे कपाट, फळी, गठ्ठा असे लिहिले. एकबेरीज हा शब्द तेव्हा मी ऐकलादेखील नव्हता.