कोयता फुटेपर्यंतचे २३ तास

हा एका विशिष्ट कोयत्याचा इतिहास नव्हे. पारगावचा भीमाशंकर किंवा शिरोलीचा विघ्नहर साखर कारखाना गाळपात असला की जुन्नर-आंबेगावात असं कुठेही होऊ शकतं.

सकाळी ७:०० : भट्टी पेटली. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा कोयता आत. डोणीतलं पाणी डिसेंबरच्या रात्रभर उघड्यावर होतं, बोट घालवत नाही. जाणता कारागीर आधी तापलेला लोखंडाचा तुकडा बुडवून त्याचा गारठा मोडतो. आज ऊसतोडीच्या मुकादमाची माणसं दारात उभी आहेत, तेवढी सवड नाही.

७:३० : सुमारे ७७० अंशांवर पोलादाला लोहचुंबक चिकटेनासं होतं, त्याच्या जरा पुढे पाणी द्यायचं. इथे कोयता पिवळा होईस्तोवर तापला. आतले कण जाडे झाले, म्हणजे चिवटपणा गेला.

७:३१ : चर्र! क्षणभर वाफेचं वेष्टन धातूला सांभाळतं. पाणी जितकं गार तितकं ते लवकर फाटतं. पातळ धार आधी निवते, जाड पाठ मागे राहते. सुमारे ३०० अंशांखाली पोलादाची रचना पालटून मार्टेन्साइट होतं: कठीण, ठिसूळ, किंचित फुगलेलं. धार घट्ट झाल्यावर पाठ फुगू लागते आणि धारेला ओढते.

७:३५ : कानस धारेवरून नुसती घसरते. सगळे खूश. खरं तर आत्ताच मंद आचेवर, धारेवर वाळल्या गवताचा पिवळा रंग चढेपर्यंत शेकायला हवं. ताण तिथेच उतरतो. ‘दुपारी बघू.’

दुपारी कोणी बघत नाही.

(उलट्या क्रमानेही घात होतो. २५ सप्टेंबर १९९८ ला ऑस्ट्रेलियातल्या लाँगफर्ड गॅस प्रकल्पात पंप बंद पडून एक उष्णता-विनिमयक शून्याखाली ४८ अंशांपर्यंत गारठला. मग त्यात गरम तेल सोडलं. ठिसूळ झालेलं पोलाद फुटलं, स्फोटात दोघे गेले.)

रात्री २:०० : गारठा वाढतो. पालटायचा राहिलेला भागही आता पालटतो, फुगतो. कोणी हात न लावता ‘टिंग’. केसाएवढा तडा.

पहाटे ६:०० : फडात पहिलेच घाव. बुडख्यावर वार बसतो आणि धारेचा बोटभर तुकडा उडतो. मागे मोळी बांधणारी बाई वाकलेली असते.

निघण्यापूर्वी धारेला रॉकेल लावून, पुसून, वर खडू घासला असता तर तड्यातलं रॉकेल झिरपून ओली रेघ उमटली असती. पाच मिनिटांचं काम.