दोन माग की तीन?

परवा पुसेगावला गेलो होतो. (साताऱ्याचं, सेवागिरी महाराजांचं नव्हे, हिंगोली जिल्ह्यातलं!) दळण घेऊन गिरणीत बसलो होतो. गिरणीवाले काका एकटे आणि यंत्रं दोन: एक पिठाची चक्की, एक मिरची कांडप. काका चक्कीत गहू ओतत होते, तेवढ्यात मागे कांडपाचा आवाज बदलला. मान न वळवता काका म्हणाले, "अडकलं वाटतं." पण हात इकडे गुंतलेले. दोन मिनिटं कांडप नुसतं घरघरत राहिलं.

एक यंत्र माणसाची वाट बघतंय, कारण माणूस दुसऱ्यापाशी आहे. एवढीशी गोष्ट, पण जवळपास ह्याच प्रश्नावरून एकदा मुंबईच्या कापड गिरण्या पेटल्या होत्या.

तेव्हा विणकर साधारण दोन माग सांभाळायचा. गिरणीच्या भाषेत मागाला 'साचा' आणि विणकराला 'साचेवाला' म्हणत. १९२७-२८ च्या सुमारास ससून गटाच्या गिरण्यांनी 'कार्यक्षमता' योजना आणली: एका विणकराने दोनऐवजी तीन माग बघायचे. म्हणजे तेवढ्याच मागांना माणसं कमी. पगार आणि नोकरकपातीचे इतर वादही होतेच. एप्रिल १९२८ मध्ये सार्वत्रिक संप सुरू झाला आणि सुमारे दीड लाख कामगार ऑक्टोबरपर्यंत बाहेर राहिले. श्रीपाद अमृत डांगे वगैरेंची गिरणी कामगार युनियन ह्याच संपात जन्मली.

मालकांचा हिशोब सरळ होता: परदेशात विणकर जास्त माग बघतो, मग इथे का नाही? पण तिकडच्या मागांची गोष्ट वेगळी होती. जपानात साकिची टोयोडांचा १९२४ चा स्वयंचलित माग धागा तुटला की आपणहून थांबायचा. माणसाने टक लावून बघायची गरजच कमी केली होती. आणि आपल्याकडे कामगारांची जुनी तक्रार होती की सूतच वाईट देतात, सारखं तुटतं.

गंमत म्हणजे ह्या प्रश्नाचं नीट गणित नंतर आलं. स्वीडनच्या कॉनी पाम यांनी १९४७ मध्ये आणि अ‍ॅशक्रॉफ्ट यांनी १९५० मध्ये 'एक माणूस, अनेक यंत्रं' ह्याचं मॉडेल मांडलं. रांगेचंच शास्त्र, फक्त रांगेत यंत्रं उभी!

रविवारी मी ते स्प्रेडशीटमध्ये करून पाहिलं. (आकडे कल्पनेतले, आणि मागामागांतलं चालणं धरलेलं नाही.) चांगल्या सुतावर माग तासभर चालला की सरासरी सहा मिनिटांचं काम निघतं असं धरा, वाईट सुतावर अठरा. विणकराचे हात किती वेळ गुंतलेले?

चांगलं सूत, दोन माग: १८ टक्के
चांगलं सूत, तीन माग: २७ टक्के
वाईट सूत, दोन माग: ४४ टक्के
वाईट सूत, तीन माग: ६२ टक्के

परत एकदा बघा. वाईट सुताच्या दोन मागांपेक्षा चांगल्या सुताचे तीन माग हलके! म्हणजे 'दोन की तीन' हा प्रश्नच अर्धवट होता. खरा प्रश्न धागा किती वेळा तुटतो हा, आणि कापूस कुठला घ्यायचा हे काही विणकर ठरवत नव्हता. माग मोजणं सोपं म्हणून माग मोजले गेले. तुटलेले धागे ज्याच्या हातात येत होते, त्याला हे मॉडेलशिवायच कळत होतं.

आपल्याकडेही 'एका माणसाने किती सर्व्हर बघायचे' ही चर्चा होते. ते किती वेळा पडतात, हे कोण विचारतं?

असो. निघताना काकांना विचारलं, तिसरं यंत्र घेणार का? म्हणाले, "घेईन की. पण लोकांनी दळण निवडून आणायला पाहिजे. खडे असले तर हे एकच पुरे."