आठ लाखांची यात्रा

दिंडी, वारी, पालखी या निमित्ताने पुष्कळांनी मिळून वाट चालणे आपल्या लोकांस नवे नाही. गावोगाव हिंडून लोकोपयोगी कार्यासाठी द्रव्य जमविणे हेही नवे नाही. परंतु या दोन्ही गोष्टींचा मेळ घालून सबंध हिंदुस्थानभर जी एक यात्रा झाली, तिचा प्रारंभ आज महाराष्ट्रात असलेल्या वर्ध्याहून झाला, ही गोष्ट फारशी कोणाच्या स्मरणात नाही.

ऑगस्ट १९३३ मध्ये महात्मा गांधींना एक वर्षाची शिक्षा झाली. पण उपोषणामुळे प्रकृती ढासळल्याने सरकारने त्यांना त्याच महिन्यात सोडले. शिक्षेचे वर्ष पुरे होईपर्यंत सत्याग्रह करावयाचा नाही व तो काळ अस्पृश्यता-निवारणास द्यावयाचा, असे त्यांनी ठरविले. ता. ७ नोव्हेंबर १९३३ रोजी यात्रा सुरू झाली. पहिल्याच दिवशी वर्ध्याजवळच्या सेलू गावी एक देऊळ सर्वांस खुले करण्यात आले. या फेरीस त्या वेळी ‘हरिजन-यात्रा’ म्हणत. ज्यांच्यासाठी तो शब्द योजिला त्यांतील अनेकांना तो कधीच रुचला नाही, व पुढे शासनाच्या दप्तरातूनही तो गेला. येथे तो केवळ त्या काळचे नाव म्हणून घेतला आहे.

सोबतच्या मंडळींत हरिजन सेवक संघाचे चिटणीस ठक्करबाप्पा होते. हे गृहस्थ मूळचे इंजिनिअर. मुंबई म्युनिसिपालिटीची नोकरी सोडून १९१४ साली ते भारत सेवक समाजात आले. अशा यात्रेत भाषणे सर्वांना दिसतात, जमाखर्च मात्र कोणास दिसत नाही. आणि निधीची अब्रू सारी त्या जमाखर्चावरच असते.

पैसा जमविण्याची रीत साधी होती. सभा संपली की गांधीजी हात पुढे करीत. आणे-पैसे, रुपये, अंगावरचे दागिने, जे येईल ते घेत. मानपत्र व ते ठेवावयाची पेटी मिळाली की तिचा तेथल्या तेथे लिलाव पुकारीत. सही पाहिजे असेल तर पाच रुपये! कमानी-पताकांवर लोकांनी केलेला खर्च मात्र त्यांना खपत नसे.

ता. १४ जानेवारी १९३४ रोजी मलबारात वडकरा येथे कौमुदी नावाची सोळा वर्षांची मुलगी पुढे आली. तिने हातातल्या बांगड्या, गळ्यातला हार व कानांतली कर्णफुले उतरवून दिली. आईबापांची संमती आहे ना, आणि पुन्हा दागिने मागणार नाहीस ना, असे गांधीजींनी तिला विचारून घेतले. घरच्या पोरीने दागिने दिले तर घरात काय होते हे सर्वांस ठाऊक आहे. म्हणून ही विचारपूस महत्त्वाची. दुसऱ्याच दिवशी बिहारात भयंकर भूकंप झाला, आणि पुढे यात्रा थांबवून गांधीजींना तिकडे जावे लागले.

विरोधही थोडा नव्हता. एप्रिलमध्ये देवघरच्या वाटेवर जसिडीह येथे त्यांच्या मोटारीवर लाठ्या पडल्या. ता. २५ जून रोजी पुण्यात म्युनिसिपालिटीच्या मानपत्राच्या वेळी त्यांची समजून दुसऱ्याच मोटारीवर बाँब टाकला गेला व माणसे जखमी झाली. दुसऱ्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचेही संघाशी पटले नव्हते. नोव्हेंबर १९३२ मध्येच आगबोटीवरून ठक्करबाप्पांस पत्र लिहून त्यांनी कळविले होते की, विहिरी, शाळा, वाहने येथील हक्क आधी मिळवून द्या. हे म्हणणे खोटे नव्हते. देणगी देणारा हात सैल असतो, पण तोच हात विहिरीवर दुसऱ्याचा पोहरा अडवितो, हे त्या काळी सर्रास दिसे.

मे महिन्यात ओरिसात जगन्नाथपुरीहून गांधीजींनी मोटार व आगगाडी सोडली आणि पायी निघाले. मोटारीची धावपळ, गर्दीचा गोंगाट यांत मूळ गोष्ट हरवते असे त्यांना वाटू लागले होते. पायी गेल्याने गावे थोडी होणार, पैसाही कमी जमणार, हे उघड होते. तरी उन्हाळ्यात खेड्यांतून चालणे झाले. पुरीचे देऊळ अस्पृश्यांस बंद, म्हणून तेही आत गेले नाहीत.

नऊ महिन्यांत सुमारे साडेबारा हजार मैल प्रवास व सुमारे आठ लाख रुपये निधी जमला. काशीस यात्रा संपली. पण अजमेरच्या सभेत विरोधी पक्षाचे स्वामी लालनाथ यांचे डोके सुधारक मंडळींनीच फोडले होते. त्याचे प्रायश्चित्त म्हणून ता. ७ ऑगस्टपासून गांधीजींनी सात दिवस उपवास केला, तो जेथून यात्रा निघाली त्या वर्ध्यातच.