प्रवाळाचा दिवा

समुद्रापासून दूर असलेल्या छत्रपती संभाजीनगरांत काचेच्या पेटींत प्रवाळ जगवूं पाहणाऱ्या गृहस्थास लाटांपेक्षां सूर्याचीच उणीव अधिक भासते. प्रवाळाच्या अंगांत सूक्ष्म शैवाल वसतें. तें प्रकाशावर अन्न सिद्ध करून यजमानास पोसतें. प्रकाश अपुरा पडला कीं हा संसार मोडतो.

१९३८ सालीं अमेरिकेंत नळीदिवा बाजारांत आला आणि पुढें मत्स्यपेट्यांवरहि चढला. परंतु नळीच्या आंतील लेप हळूहळू निस्तेज होतो. डोळ्यांस उजेड तोच वाटतो, प्रवाळ मात्र उपाशी राहतो. म्हणून नळी वेळोवेळीं बदलावी लागे.

१९९३ सालीं जपानांत शुजी नाकामुरा यांनीं प्रखर निळा एलईडी सिद्ध केला. निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल २०१४ चें नोबेल पारितोषिक अकासाकी, अमानो व नाकामुरा यांस मिळालें. स्वच्छ सागरांत निळा किरणच सर्वांत खोल पोहोंचतो व शैवालास तोच मानवतो. मात्र नवा दिवा एकदम पूर्ण तेजानें लावल्यास शैवाल प्रवाळास सोडून जातें व प्रवाळ पांढरा पडतो. तेज क्रमाक्रमानेंच वाढवावें लागतें.

आणखी एक मर्यादा आहे. २००१ सालापासून भारताच्या वन्यजीव कायद्यानें पाषाणी प्रवाळास वाघाच्याच पंक्तींत बसविलें आहे. मालवणच्या समुद्रांतून तोडून आणलेला प्रवाळ कोणत्याहि दिव्याखालीं निर्दोष ठरत नाहीं.